याकोबाचं पत्र : एका घरात दोन बायबलं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका भगिनीचं माहेर गिरगावातलं, प्रोटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. राहायला बोरिवली. रात्री जेवणं झाली की नवरा-बायको मिळून नव्या करारातलं एकेक पत्र वाचतात. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायाच्या २४ व्या वचनाशी गाडी अडली. मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर कृतींनी नीतिमान ठरतो, असं तिथे आहे. यजमान म्हणाले, ‘बघ, तुमच्या लूथरला हेच नको होतं.’ त्या विचारतात, कुठल्या परंपरेचा अर्थ खरा? शिवाय सासरे अंथरुणाला खिळले आहेत. रविवारी फादर त्यांना तेल लावायला येणार आहेत. माहेरचे पाळकसाहेब म्हणतात, असा संस्कार पत्रात नाहीच. मग मी तिथे उभी राहू का?

तुमच्या यजमानांचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं आहे. १५२२ मध्ये प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरने नव्या कराराचं जर्मन भाषांतर छापलं आणि त्याच्या प्रस्तावनेत या पत्राला ‘पेंढ्याचं पत्र’ म्हटलं. रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेली पौलाची पत्रं, योहानाचं शुभवर्तमान, यांच्या शेजारी ठेवलं तर याकोब म्हणजे दाणे काढून घेतल्यावर उरलेला पेंढा, असा त्याचा रोख होता. इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तकं त्याने शेवटी नेऊन ठेवली आणि अनुक्रमणिकेत त्यांना आकडासुद्धा दिला नाही. हे झालं अर्धं. पण याकोब आणि यहूदा या पत्रांसाठी लिहिलेल्या वेगळ्या प्रस्तावनेत त्याने याकोबाची स्तुतीही केली आहे, कारण हे पत्र माणसांचे नियम सांगत नाही, देवाचा नियम ठासून सांगतं. आणि पेंढ्याचं ते वाक्य त्याच्या संपूर्ण बायबलाच्या पुढच्या आवृत्त्यांत राहिलं नाही.

त्याची अडचण मात्र खरी होती, ती झटकून टाकू नका. या पत्रात येशूचं नाव अवघं दोनदा येतं. वधस्तंभाचा उल्लेख नाही, पुनरुत्थानाचा नाही. आणि माणूस देवापुढे कशाने नीतिमान ठरतो याचं उत्तर म्हणून ज्या दोन शब्दांवर त्याने सगळं पणाला लावलं ते ‘केवळ विश्वासाने’ संपूर्ण नव्या करारात जोडीने एकाच ठिकाणी येतात, ते म्हणजे हे वचन. तेही ‘नव्हे’ जोडून! रोमकरांस पत्राच्या ३:२८ मध्ये ‘केवळ’ हा शब्द मूळ ग्रीकमध्ये नाही; जर्मनमध्ये तो लूथरने घातला. आमच्याकडचा, म्हणजे प्रोटेस्टंट, माणूस हे पहिल्यांदा कळल्यावर दचकतो. दचकायलाच हवं.

पण एक लक्षात घ्या, तुमचं माहेर लूथरन नाही. गिरगाव-भायखळ्यातल्या मराठी मंडळ्या उभ्या राहिल्या त्या १८१३ मध्ये मुंबईत पोचलेल्या अमेरिकन मराठी मिशनमुळे, त्यानंतर आलेल्या स्कॉटिश आणि अँग्लिकन मिशनऱ्यांमुळे. यांतल्या अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनांचं मूळ जातं सोळाव्या शतकातल्याच दुसऱ्या प्रोटेस्टंट सुधारकाकडे, कॅल्विनकडे. कॅल्विनने १५५१ मध्ये या पत्रावर भाष्य छापलं आणि पत्र बिनतक्रार स्वीकारलं. तेव्हा ‘तुमचा लूथर’ म्हटल्यावर गप्प बसायचं काही कारण नव्हतं.

मी भायखळ्याला वाढले. आमच्या घरापासून चालत गेलं तर ग्लोरिया चर्च, ह्यूम मेमोरियल, मुक्तिफौजेची कचेरी आणि डेव्हिड ससूनने बांधलेलं मागेन डेव्हिड हे यहुद्यांचं सभास्थान, सगळं तासाभरात बघून होतं. तीस वर्षं मराठीतून बायबल शिकवते आहे, आणि माझ्या वर्गात नेहमी मिसळ असते: नाताळला मिस्सा आणि उपासना दोन्हीकडे जाणारे, पेंटेकॉस्टल सभांना जाणारे, दादरच्या ऑर्थोडॉक्स कॅथेड्रलमधले मराठी शिकलेले केरळी. या पत्राच्या पहिल्या दिवशी मी एक गोष्ट करते. पाच अध्याय, १०८ वचनं. आकडे काढून टाकून सगळं सलग छापलेला कागद हातात देते, सोबत पेन्सिल. सांगते, जी वाक्यं तुम्ही लहानपणापासून वेदीवरून किंवा व्यासपीठावरून ऐकत आलात त्यांच्याखाली रेघ ओढा.

कागद गोळा केले की नाव न वाचता सांगता येतं कोणाचा कुठला. कॅथलिक रेघा दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी आणि पाचव्यातल्या तेलाशी. आमच्या मंडळीतल्यांच्या पहिल्या अध्यायात, वचन नुसतं ऐकू नका तर तसं वागा, तिथे, आणि तिसऱ्यात, जिभेच्या लहानशा ठिणगीने केवढं रान पेटतं, तिथे. पेंटेकॉस्टल भावंडांच्या ‘शंका न धरता मागा’ आणि ‘सैतानाला अडवा म्हणजे तो पळेल’ या ओळींखाली, आणि मग थेट आजाऱ्याच्या प्रार्थनेखाली. पाचव्या अध्यायाची पहिली सहा वचनं बहुतेक कागदांवर कोरी राहतात. त्या कोऱ्या जागेकडे मी पुन्हा येणार आहे. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर तिथून सुरू होतं: परंपरा खरी की खोटी हे विचारायच्या आधी तिने रेघ कुठे ओढली आणि कोरं काय सोडलं ते बघावं.

आता २४ वं वचन. पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात आणि उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातलं तेच वाक्य घेतात: अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या लेखी नीतिमत्त्व असा गणला गेला. पौल म्हणतो, हे झालं तेव्हा त्याची सुंता झाली होती का? नाही, सुंतेची गोष्ट सतराव्या अध्यायात आहे. म्हणजे नियमशास्त्राचा शिक्का बसण्याआधीच देवाने त्याला जवळ केलं. याकोब तेच वाक्य हातात धरून बाविसाव्या अध्यायापर्यंत, इसहाकाला वेदीवर ठेवलं तिथपर्यंत चालत जातो आणि म्हणतो, ते वाक्य इथे पुरं झालं. एक सुरुवात दाखवतो, दुसरा शेवट. पौल ज्यांच्याशी भांडतो ते यहुदी नसलेल्यांवर सुंता लादणारे आहेत, म्हणून त्याच्याकडे ‘नियमशास्त्राची कृत्यं’ असा शब्द येतो. याकोबाच्या पत्रात सुंता नाही, शब्बाथ नाही, खाण्यापिण्याचे नियम नाहीत. त्याच्या समोर ‘देव एकच आहे’ हे तोंडपाठ म्हणणारा माणूस आहे, आणि त्याला तो सांगतो, भुतंही तसंच मानतात, आणि थरथर कापतात.

हे वाक्य नीट समजलं ते मला एका बेने इस्राएली शेजाऱ्यांमुळे. कोकणातून आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या या यहुद्यांचं मुंबईतलं पहिलं सभास्थान १७९६ चं. ‘हे इस्राएला, ऐक, आपला देव परमेश्वर एकच’ ही त्यांची रोजची प्रार्थना. ते शेजारी काका म्हणायचे, ती म्हणताना डोळे झाकतात ते मन एकाग्र व्हावं म्हणून. उघडल्यावर पहिला दिसेल तो शेजारी. याकोबाचं पत्र लिहिलेलं आहे ते अशाच माणसांना, ‘पांगलेल्या बारा वंशांना’. त्यांच्या बैठकीला तो जो ग्रीक शब्द वापरतो तोही सभास्थानाचाच. मराठी वाचकाला इथे एक सोय आहे. इंग्रजी बायबलात या माणसाचं नाव पार बदलून ‘जेम्स’ झालंय. आपल्याकडे तो याकोबच राहिला. बारा मुलांचा बाप याकोब आणि बारा वंशांना लिहिणारा याकोब हे कानाला आपोआप जोडलं जातं.

परंपरांचा खरा वाद ‘ठरतो’ या क्रियापदावर आहे, आणि तो मराठीत फार छान दिसतो. कोर्टात माणूस दोषी ठरतो किंवा निर्दोष ठरतो. लग्न ठरतं. ठरणं म्हणजे कोणीतरी निकाल देणं. प्रोटेस्टंटांना मूळ ग्रीक शब्दात हेच ऐकू येतं: देव न्यायासनावरून जाहीर करतो. कॅथलिक परंपरा लॅटिनमधून आली. तिथे तोच शब्द ‘नीतिमान करणे’ असा आहे, आणि करणं हे एका क्षणात संपणारं काम नाही. मराठी प्रोटेस्टंट बायबलांत ‘नीतिमान ठरणे’ रुळलं, म्हणजे तुमच्या माहेरच्या बायबलात वादातली एक बाजू क्रियापदातच येऊन बसली आहे. यजमानांना हे सांगा, आणि त्यांच्या ‘करणे’लाही ऐका.

प्रोटेस्टंटांना उत्तर द्यायला भरलेल्या कॅथलिक धर्मसभेच्या ट्रेंट परिषदेने १३ जानेवारी १५४७ च्या बैठकीत हे २४ वं वचन उद्धृत केलं, पण कुठे, ते पाहण्यासारखं आहे. मिळालेलं नीतिमत्त्व कसं वाढतं, त्या प्रकरणात. देव माणसाला पहिल्यांदा जवळ करतो ते फुकट, तिथे विश्वास किंवा कृती यांपैकी कशानेही ती कृपा कमावता येत नाही, असं त्याच दस्तऐवजात दोन प्रकरणं आधी लिहिलेलं आहे. म्हणजे ‘कॅथलिक कृती करून स्वर्ग विकत घेतात’ हे आमच्याकडचं जुनं बोलणं ट्रेंटलाही लागू पडत नाही. मी ते संडे स्कूलमध्ये शिकले होते आणि काही वर्षं शिकवलंही होतं. त्या मुलांची मी देणेकरी आहे. दुसऱ्या बाजूने, लूथरचा सहकारी मेलांख्थॉन याने १५३१ मध्येच लिहिलं होतं की याकोब आमच्या विरुद्ध नाही, तो मेलेल्या विश्वासाबद्दल बोलतो. कॅल्विन म्हणतो, पौल माणूस देवापुढे कसा ठरतो ते सांगतो. याकोब तो विश्वास खरा आहे हे दिसतं कशाने, ते सांगतो. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात जॉन वेस्लीने उभ्या केलेल्या मेथडिस्टांनी या भांडणात वेळ घालवला नाही. १७४३ च्या त्यांच्या नियमांत पहिलं, इजा करू नका. दुसरं, भलं करा. तिसरं, देवाने लावून दिलेले विधी पाळा. आपल्या मुंबईत जॉर्ज बोवेन हा अमेरिकन मिशनरी १८४८ मध्ये आला, मिशनचा पगार त्याने सोडला आणि चाळीस वर्षं इथल्या लोकांत अगदी साधा राहिला. पुढे तो मेथडिस्टांना मिळाला, यात मला नवल वाटत नाही.

ऑर्थोडॉक्स मंडळी हे सगळं शांतपणे ऐकतात. सोळाव्या शतकातलं हे भांडण त्यांच्या घरातलं नाही. माझ्या वर्गातले एक केरळी गृहस्थ म्हणाले होते, ‘तुम्ही दोघं एका खोलीत भांडताय, आम्ही त्या खोलीत कधी नव्हतोच.’ त्यांच्या सुरियानी बायबलात, पेशित्तामध्ये, मुळात बावीसच पुस्तकं होती. पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं-तिसरं, यहूदा, प्रकटीकरण नव्हतं. याकोब मात्र होता. पश्चिमेकडे ज्याच्या जागेबद्दल शंका घेतली गेली ते पत्र पूर्वेकडे फार आधीपासून घरचं होतं.

आणि ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये लूथरन विश्वसंघ आणि कॅथलिक धर्मसभा यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: आपल्या कुठल्याही गुणवत्तेमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि त्याचा आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो. २००६ मध्ये मेथडिस्ट तिला जोडले गेले, २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्या, म्हणजे तुमच्या माहेरच्या मुळांची माणसं. सगळे मतभेद मिटले असं त्यात म्हटलेलं नाही. पण ज्या मुद्द्यावर तुमचं बोरिवलीच्या घरात अडलं त्यावर तुमच्या दोन्ही घरच्या थोरल्यांनी बसून बोलून घेतलेलं आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सांगते. पौल आणि याकोब वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, हे मला पटतं. पण या उत्तरावर आपण फार लवकर समाधानी होतो. ‘विश्वास की कृती’ हा प्रश्न आपण सोळाव्या शतकातून आणून या अध्यायावर ठेवला. अध्याय सुरू कुठे होतो? खुर्चीपासून.

तुमच्या बैठकीत सोन्याची अंगठी घातलेला, झकपक कपड्यांतला माणूस आला, आणि मळक्या कपड्यांत एक गरीब आला. तुम्ही पहिल्याला म्हणता, इथे बसा. दुसऱ्याला म्हणता, तू तिकडे उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस. याला याकोब जो ग्रीक शब्द वापरतो त्याचा शब्दशः अर्थ चेहरा स्वीकारणं. आपल्याकडे याला अस्सल शब्द आहे: तोंड पाहून वाढणं. पंगतीत ज्याच्या पानात तूप पडतं आणि ज्याच्या पानात पडत नाही, ते दोघंही हे ओळखतात.

एका नाताळच्या कार्यक्रमात हॉलमधल्या बैठकीची व्यवस्था माझ्याकडे होती. आमच्या वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी लवकर आल्या आणि दुसऱ्या रांगेत बसल्या. नवं लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. नंतर हॉलसाठी देणगी दिलेलं एक कुटुंब आलं. मी वाकून मावशींच्या कानाशी म्हटलं, ‘मावशी, जरा मागे बसता का?’ त्या लगेच उठल्या. इतक्या लगेच, की त्यांना सवय आहे हे मला तेव्हाच कळलं. दोन महिन्यांनी वर्गात मी दुसऱ्या अध्यायाची पहिली चार वचनं मोठ्याने वाचत होते आणि त्या समोर बसल्या होत्या. माझा आवाज अडकला. त्या म्हणाल्या, ‘बाई, वाचा पुढचं.’ मी वर्गातच त्यांची माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तेच म्हणाल्या, ‘पुढचं वाचा.’

पुढचं म्हणजे, कोणी भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजच्या अन्नाला मोताद आहे, आणि तुम्ही म्हणता, शांतीने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा. पण देत काहीच नाही. त्याच्या लगेच पुढे येतं की कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे. ‘कृती’ या शब्दाचा अर्थ याकोबाने स्वतःच सांगून ठेवला आहे: कपडा, भाकरी, खुर्ची. हे सोडून आपण ‘विश्वास की कृती’ असा वाद घालायला बसलो की तो गरीब माणूस पुन्हा एकदा पायाशी जातो. १९८१ मध्ये अरविंद निर्मल यांनी बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दलित धर्मशास्त्राची मांडणी सुरू केली. त्या अंगाने वाचणाऱ्यांना या अध्यायात लूथर-ट्रेंट दिसतच नाही. त्यांना पहिल्यांदा खुर्ची दिसते. मला वाटतं, पत्राच्या सर्वांत जवळून वाचतात ते हेच.

आता ती कोरी जागा. पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीला याकोब धनवानांना म्हणतो, रडा. तुमच्या शेतांची कापणी करणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडवून ठेवली ती ओरडते आहे, आणि कापणाऱ्यांच्या हाका सेनाधीश प्रभूच्या कानी पोचल्या आहेत. मागे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चोविसावा अध्याय आहे: मजुराला सूर्य मावळण्याआधी मजुरी द्या. लॅटिन अमेरिकेत गरिबांच्या बाजूने बायबल वाचणाऱ्या मुक्तीच्या धर्मशास्त्राने ही वचनं उचलून धरली. कॅथलिक शिकवणीत ती त्याच्याही आधीपासून आहेत. पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या कामगारविषयक पत्रात चौथं वचन उद्धृत केलेलं आहे. लिहिलेलं आहे, पण व्यासपीठावरून क्वचित ऐकू येतं, म्हणून कागद कोरे. आमच्या वर्गात मात्र एकदा एका निवृत्त गिरणी कामगाराने इथे जाड रेघ ओढली होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा तो लालबागला राहत होता. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, अनेकांना गिरणी पुन्हा मिळालीच नाही. कागद परत देताना तो म्हणाला, ‘हे आमच्यासाठी लिहिलंय हे मला कोणी सांगितलं नव्हतं.’ तो चाळीस वर्षं दर रविवारी मंडळीत येत होता.

थोडं पटकन सांगते, कारण तुमचे यजमान विचारतील. पत्र लिहिणारा याकोब कोण? जुन्या समजुतीप्रमाणे प्रभूचा भाऊ, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी, जो इसवी सन ६२ च्या सुमारास मारला गेला. भाऊ म्हणजे सख्खा की कसा, यावरही तीन घरं आहेत: प्रोटेस्टंट बहुतेक मरीयेचा धाकटा मुलगा मानतात, ऑर्थोडॉक्स योसेफाचा आधीच्या लग्नाचा, कॅथलिक चुलत-मावस. आपण मराठीत मावसभावालाही ‘माझा भाऊ’ म्हणूनच ओळख करून देतो, तेव्हा यावर घरात भांडू नका. आणि ‘शपथच वाहू नका’ हे पाचव्या अध्यायाचं १२ वं वचन, येशूच्या डोंगरावरच्या शिकवणीतलंच, सोळाव्या शतकात निघालेल्या अ‍ॅनाबॅप्टिस्ट पंथाच्या लोकांनी इतकं मनावर घेतलं की ते कोर्टातही शपथ घेत नाहीत. आपल्याकडे ईश्वरसाक्ष शपथेऐवजी दृढकथन करायची सोय आहे, ती अशांच्याही उपयोगी पडते.

आता रविवार. तुमच्यासाठी खरा प्रश्न हाच आहे.

वचनं अशी: तुमच्यात कोणी आजारी आहे का? त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून प्रार्थना करावी. विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील, प्रभू त्याला उठवील, आणि पापं केली असतील तर क्षमा होईल. ‘वडील’ या शब्दावर सोळाव्या शतकात डोकी फुटली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वयाने मोठा असाही होतो आणि मंडळीतलं पद असाही. पुढे त्याच शब्दापासून युरोपच्या भाषांत धर्मगुरूसाठी शब्द आले. ट्रेंटच्या १५५१ च्या बैठकीने सांगितलं की इथे बिशपाने दीक्षा दिलेले धर्मगुरूच अभिप्रेत आहेत, समाजातले वयस्क नव्हेत, आणि हा संस्कार ख्रिस्ताने नेमलेला आहे. कॅल्विनने नेमकं उलट म्हटलं: बरं करण्याचं ते दान प्रेषितांच्या काळापुरतं होतं, ते गेलं, तेलही गेलं. तुमचे पाळकसाहेब बोलतात ते इथून. म्हणून आमच्या लहानपणी पाळक घरी येऊन हातावर हात ठेवून प्रार्थना करत, तेल नसे. गंमत अशी की आमच्याच मंडळ्यांनी ‘वडील’ हा शब्द पद म्हणून जपला आणि त्यांच्या हातातलं तेल तेवढं ठेवून दिलं.

ग्रीक ऑर्थोडॉक्स विधीत सात धर्मगुरू, सात पत्रवाचनं, सात शुभवर्तमानं असतात, आणि पहिलं वाचन याच अध्यायातलं. पेंटेकॉस्टल सभांत कोणी पास्टर किंवा ब्रदर तेलाची बाटली घेऊन येतो आणि मोठ्याने बरं होण्याची मागणी करतो. ते हे वचन अक्षरशः घेतात, आणि तो भरवसा मला खरंच हवासा वाटतो. एक गोष्ट मात्र मी कधीच सोडून देत नाही. आमच्या शेजारच्या एका बाईंना, कर्करोगाच्या शेवटच्या महिन्यात, प्रार्थनेला आलेल्या कोणीतरी सांगितलं की तुमचा विश्वास कमी पडतोय. त्या रात्रभर रडल्या. वचन पुन्हा वाचा: विश्वासाची प्रार्थना कोणाची? आलेल्या वडिलांची. आजाऱ्याने फक्त बोलवायचं आहे. त्याच्या विश्वासाचं माप कोणी मागितलेलं नाही.

कॅथलिक धर्मसभेने १९६३ मध्ये सांगितलं की हा केवळ मरणाऱ्यांचा संस्कार नाही, आणि १९७२ मध्ये विधी नव्याने बांधला. त्याआधी वसईतल्या जुन्या घरांत फादर तेल घेऊन आले म्हणजे आशा संपली असं लोक समजत. सासऱ्यांच्या मनात ती जुनी भीती असेल तर फादर यायच्या आधी कोणीतरी प्रेमाने त्यांना सांगा. फादर डोक्यावर मुकाट हात ठेवतील, मग कपाळाला आणि तळहातांना तेल लावतील. त्या वेळच्या प्रार्थनेत प्रभू तुझं तारण करो आणि तुला उठवो असं आहे. ही दोन्ही क्रियापदं याकोबाची. पहिल्याला मराठीत ‘वाचवणे’ हा शब्द नेमका बसतो. ताप उतरला की आपण म्हणतो वाचला, बुडता बुडता हात मिळाला की म्हणतो वाचला. शरीर की आत्मा, असा प्रश्न ग्रीक शब्द विचारत नाही आणि आपलाही विचारत नाही.

तेव्हा उभ्या राहा. तेल फादरच लावतील, ते त्यांच्या परंपरेत त्यांचंच काम आहे. पण वचनाचं वाचन घरच्या माणसाला करता येतं. आजच फादरांना फोन करून विचारा, पाचव्या अध्यायाची १३ ते १६ वचनं मी वाचू का; ते बहुधा आनंदाने हो म्हणतील. पाळकसाहेबांना सोमवारी प्रार्थनेला बोलवा, आणि त्यांना सांगा की सोळाव्या वचनात एकमेकांजवळ पापं कबूल करा असंही लिहिलं आहे, ज्यावर आमच्या मंडळ्यांनी फारशी रेघ ओढलेली नाही. वाचताना माहेरचं बायबल घेतलंत तरी चालेल. ‘वडील’ या शब्दाशी आलात की यजमानांकडे बघून थांबू नका, सलग वाचा. आणि सासऱ्यांना कमी ऐकू येत असेल तर खुर्ची उशाशी ओढून घ्या.